खरं बोलल्याचं कुमसार

लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी आमच्या चर्चमध्ये दोन दिवसांचा वर्ग असतो. त्यात मराठीतून शिकवायला मी गेली दहा-अकरा वर्षं जाते. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली, तिथून निवृत्त झाले, वाचायची सवय होती म्हणून फादरांनी हे काम दिलं. माझ्या वाट्याला आलेला विषय म्हणजे माणसाची कृती, सदसद्विवेकबुद्धी आणि पाप. तो दुसऱ्या कुणाला नको होता. डॉक्टर येऊन कुटुंबनियोजनावर बोलतात तेव्हा सगळे जागे असतात. माझा तास जेवणानंतर असतो.

मी पेल्यापासून सुरुवात करते. झोपेत हात लागून पेला फुटला तर ते माणसाच्या हातून झालं. रागाने आपटून फोडला तर ते माणसाने केलं. पापाचा प्रश्न येतो तो केलेल्या गोष्टीबाबत. मग ती गोष्ट बरी की वाईट, हे ठरवताना काय केलं, कशासाठी केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं, हे सगळं बघायचं. हेतू वाईट असला तर चांगलं कामही नासतं, दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं. मात्र हेतू कितीही चांगला असला तरी वाईट काम त्याने चांगलं होत नाही. हे मी न अडखळता सांगू शकते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात कोपरीची एक मुलगी होती. नर्स होती, बौद्ध घरातली. आमच्या चर्चमधल्या एका मुलाशी तिचं ठरलं होतं. ती पहिल्या बाकावर बसून नीट ऐकत होती, आणि माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "टीचर, वॉर्डातल्या एका सिस्टरने चुकीचं सलाईन लावलेलं. मी मेट्रनला जाऊन सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. पण सांगताना मला बरं वाटत होतं, कारण ती मला छळायची. माझे आजोबा म्हणायचे, आधी मनात काय आहे ते बघ. मग मी केलं ते काय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. रुग्णाचा जीव वाचवणं हे तुझं कर्तव्य होतं, ते तू केलंस. झालेल्या आनंदावर मात्र नजर ठेव. तिने मान डोलावली. तिचं समाधान झालं असावं. माझं झालं नाही. त्या संध्याकाळी रिक्षा माजिवड्याच्या सिग्नलला बराच वेळ अडकली होती, आणि मी एका जुन्या गोष्टीचा विचार करत होते. ती मी वर्षानुवर्षं दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती.

माझं बालपण माजिवड्याच्या जुन्या गावात गेलं. आता त्याच्या चारही बाजूंना टॉवर आहेत. तेव्हा आमची कौलारू घरं, मधली गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस एवढंच होतं. समोरच्या घरात माझ्याच वयाची मैत्रीण राहायची. ती चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायची, मी गायची. दहावीत असताना एकदा त्यांच्या ओट्यावर आम्ही नाताळच्या गाण्यांचा सराव करत होतो. ती बोलता बोलता थांबली आणि खाली कोसळली. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. मला काही कळत नव्हतं, पण मी तिला कुशीवर वळवलं आणि डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून माझी ओढणी खाली सरकवली. नंतर तिच्या आईने सांगितलं की असं आठवीपासून होतंय, गोळ्या चालू आहेत. मी केलं ते बरोबरच केलं, असंही म्हणाली. मग मला क्रूसापाशी नेऊन माझा हात त्यावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुझ्यापाशीच राहू दे, बाय. पोरीचं लग्न व्हायचंय."

मी शब्द दिला आणि आठ-नऊ वर्षं पाळला.

आम्ही पंचविशीत आलो तेव्हा कल्याणचं एक स्थळ माझ्यासाठी आलं. मुलगा बोटीवर नोकरीला होता. त्याची आई आणि मावशी येऊन सरबत पिऊन, केक खाऊन गेल्या. आठवड्याने निरोप आला की मुलगा उंच आहे, जोडा शोभणार नाही. मी रडले नाही. घरातही कुणी विषय काढला नाही. दीड महिन्याने तेच स्थळ समोरच्या घरी गेलं, आणि त्यांनी होकार दिला. मैत्रिणीची उंची माझ्याएवढीच होती.

त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर मुलाच्या मावशीने मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. तू तिची जिवलग मैत्रीण, तर मुलगी कशी आहे सांग, असं तिने विचारलं. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "खूप चांगली आहे. फक्त गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्याव्या लागतात तिला."

कसल्या गोळ्या, हे तिने विचारणं ओघानेच आलं, आणि मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, काळजी असल्यासारखं. तीन आठवड्यांत लग्न मोडलं.

मी खोटं बोलले नव्हते. दर वर्षी इस्टरआधीच्या उपासकाळात आम्ही कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला जातो. त्याआधी दहा आज्ञा एकेक करून स्वतःला तपासायचं असतं. खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेपाशी आले की मला पायऱ्या आठवायच्या, आणि साक्ष खरी होती म्हणून मी पुढच्या आज्ञेकडे वळायची. असं चाळीसेक वर्षं झालं. यात दांभिकपणा होता असं मला वाटत नाही. तपासणी मी प्रामाणिकपणेच करत होते, फक्त विचारायचा तो प्रश्न विचारत नव्हते.

नर्सने तो विचारला. त्यानंतरच्या शनिवारी मी कुमसाराला गेले. आमच्या चर्चमध्ये नाही; तिथे सगळे मला टीचर म्हणतात. कल्याणला गेले. फादर वयस्कर होते, कानाला यंत्र लावलेलं होतं, त्यामुळे मला थोडं मोठ्याने बोलावं लागलं. मी सगळं सांगितलं. बचावाची बाजूही मांडली: ज्या घरात मुलगी जाणार त्यांना आजार कळायला नको का?

फादर म्हणाले, कळायला हवा होता, पण तो तिने सांगायचा होता. दुसऱ्याचा दोष किंवा दुखणं, खरं असलं तरी, तसंच कारण असल्याशिवाय उघड करणं हेही पाप आहे; खोटं पसरवण्याहून वेगळं, पण पापच. आणि इथे तर शब्द दिलेला होता. मग त्यांनी विचारलं, "ते स्थळ आधी तुमच्याकडे आलं नसतं, तर त्या बाईला तुम्ही सांगितलं असतंत?"

बाहेर कुणीतरी बाकं सरकवत होतं.

"मग तुम्हाला माहीतच आहे," ते म्हणाले.

त्यांनी पापक्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या, आणि वर एक गोष्ट सांगितली. क्षमेने पाप जातं, केलेलं नुकसान आपोआप भरत नाही. ते भरून देण्यासारखं काही असेल तर ते केलं पाहिजे. मी विचारलं, तिला जाऊन सांगू का? ते म्हणाले, "तिचं काही भलं होणार असेल तर जा. स्वतःचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला जाऊ नका."

या वाक्यावर मी चार महिने काढले. न जाण्यासाठी ते फार सोयीचं होतं.

मैत्रीण शहाडला राहते एवढं मला ठाऊक होतं. पस्तिशी उलटल्यावर तिने लग्न केलं होतं, कोकणातल्या एका हिंदू माणसाशी, कारखान्यात फिटर होता. माजिवड्यात त्यावर बरंच बोलणं झालं होतं. मी त्यात नव्हते, पण ऐकत होते. शेवटी तिच्या भावाकडून नंबर घेऊन फोन केला. कोण बोलतंय हे तिने आवाजावरून ओळखलं, आणि रविवारी जेवायला ये म्हणाली.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. "या या, तुमच्यासाठी फुगे केलेत," म्हणाला. फुगे म्हणजे आमच्याकडे सणाला तळतात ते गोल, हलके पाव. हे करायला तो तिच्या आईकडून शिकला होता, आणि चांगले झाले होते. घर दोन खोल्यांचं, भिंतीला कीबोर्ड टेकवलेला. आठवड्यातून चार दिवस मुलं शिकायला येतात, असं मैत्रीण म्हणाली. केस पूर्ण पांढरे झाले होते, ते तिने रंगवले नव्हते. जेवण झाल्यावर नवरा आतल्या खोलीत आडवा झाला, आणि मी तिला पायऱ्यांवरची गोष्ट सांगितली. स्थळ आधी माझ्याकडे आलं होतं, तेही सांगितलं, जणू तिला ते माहीत नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला माहीत होतं गं. त्या मावशीने आईला तोंडावर सांगितलेलं, तुमच्याच गल्लीत कळलं म्हणून. आणि गल्लीत तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

मग तिने जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. मुलाला तिने स्वतः पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला होता की मला चालेल, आईला मी सांगतो. त्याने सांगितलं आणि आई बिथरली, की तो गप्प राहिला आणि माझ्यामुळे कळलं, हे तिला कधीच कळलं नाही. तिने विचारलंही नाही. जो माणूस आईच्या एका शब्दावर मागे हटतो त्याला काय विचारायचं, असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

मला क्षणभर सुटल्यासारखं झालं, हे लिहिलं पाहिजे. लग्न कदाचित माझ्यामुळे मोडलंच नव्हतं. लगेच माझाच तास मला आठवला: परिणाम काय झाला यावरून पाप ठरत नाही. बाण लागला नाही तरी नेम धरलेलाच होता.

"त्याचं मला इतकं नाही वाटलं," ती म्हणाली. "इस्टरच्या आधीच्या प्रॅक्टिसला मी पडले, त्याचं वाटलं. सगळे घाबरून मागे सरकले. तू दारापाशी होतीस. तुला माहीत होतं काय करायचं. तू नाही आलीस."

मला ते आठवलं नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, असेल. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने खाली पडतानाच मला पाहिलं होतं, आणि शुद्धीवर आली तेव्हा दारात कुणी नव्हतं. फरशीवर आपटून भुवईपाशी चार टाके पडले होते. तिने चष्मा वर करून मला खूण दाखवली.

तिथून निघाल्यापासून मी आठवायचा प्रयत्न करते आहे. चर्चचं दार आठवतं, मेणाचा वास आठवतो, लग्न मोडल्यानंतर मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते हेही आठवतं. बाकी जागा कोरी आहे. प्रत्येक मिस्सेत आम्ही म्हणतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि करायचं ते न करूनही आमच्याकडून पाप झालं. मी एवढी वर्षं शब्दापाशी थांबून वकिली करत होते, आणि पुढचं सगळं नुसतं म्हणून टाकत होते.

मी पुन्हा कल्याणच्या फादरांकडे गेले. जे आठवतच नाही त्याचं कुमसार कसं करायचं, हे विचारलं. ते म्हणाले, देवाला आठवतं, तेवढं पुरे. तुम्ही खेद करा आणि ती सांगते त्यावर विश्वास ठेवा. दुसरं जड गेलं. माझ्याविषयीची एखादी गोष्ट मला माहीत नाही आणि दुसऱ्याला माहीत आहे, हे मान्य करायला मला वेळ लागला.

वर्गात आता मी एक भाग वाढवला आहे. सदसद्विवेकबुद्धीचं ऐकायचं असतं, पण तिला शिकवावंही लागतं. ती चुकू शकते, आणि चुकते तेव्हाही खात्रीनेच बोलते. लग्नानंतर हे काम नवरा किंवा बायको करते, असं मी म्हणते. त्यावर मुलं हसतात.

शहाडला मी महिन्यातून एकदा जाते. तिने मला क्षमा केली का, हे मी विचारलेलं नाही. मागच्या वेळी ती म्हणाली, मला मोत्यांची दुकानं बघायला उल्हासनगरला घेऊन चल, भाचीच्या लग्नासाठी माळ हवी होती. आम्ही तीन दुकानं फिरलो. तिला एकही माळ आवडली नाही. परत येताना उसाचा रस प्यायलो, आणि पुढच्या वेळी ठाण्यात बघू असं ठरलं.