वाळवंटातली घरं आणि माझी पलटण

मी फारशी बोलत नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचा समज आहे की मी ऐकतही नाही. मग माझ्यासमोर वाटेल ते बोललं जातं, वाटेल ते केलं जातं आणि ते सगळं माझ्याकडे साठत राहतं. आईच्या फळीवर रिकामे डबे साठतात ना, कधीतरी लागतील म्हणून, तसं. त्यातले गच्चीवरच्या खोलीतले तेवढे आज खाली काढते.

प्रकरण सुरू केलं योगेशने. योगेश माझा आतेभाऊ, जळगावचा. त्याचे काका बोटीवर नोकरीला आहेत. त्यांनी त्याला बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे सैनिक आणले आणि त्यांची लढाई कशी खेळायची याचं एक इंग्रजी पुस्तक. टेबलावर वाळवंट मांडायचं, फासे टाकायचे, पट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे. सुट्टीत योगेश धुळ्याला आला की तो, माझा दादा आणि दादाचा मित्र सलीम गच्चीवरच्या खोलीत दिवसभर हेच.

फक्त वाळवंटात घरं नव्हती. परदेशात ती तयार मिळतात म्हणे. आमच्या आग्रा रोडवर मिळत नाहीत. मग तिघांची नजर माझ्याकडे वळली, कारण माझी चित्रकला बरी आहे.

"पंधरा-वीस घरं कर," दादा म्हणाला. "खर्च मात्र काही करायचा नाही."

मला काय मिळेल, एवढं विचारायला मला अख्खी दुपार लागली.

"तुला स्वतःची पलटण," योगेश म्हणाला. "गाव पूर्ण झालं की तूही खेळायचंस."

घरं करायला मला आवडतातच. पण मला फासे टाकायचे होते. म्हणून मी हो म्हणाले.

* * *

पहिली घरं थर्माकोलची. शेजाऱ्यांकडे नवा टीव्ही आला, त्याच्या खोक्यातलं मी मागून आणलं. भिंती नीट कापल्या, घासल्या. चिकटवायला खळ शिजवत होते तेवढ्यात सलीम म्हणाला, खळबिळ काय, आमच्या दुकानातलं पक्कं आणतो. त्याच्या अब्बांचं सायकलचं दुकान आहे. मी नको म्हणत होते, पण माझं नको कोणाला ऐकू जात नाही.

त्याने पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि हौसेने सगळ्या भिंतींना फासलं. थर्माकोल आमच्या डोळ्यांसमोर आत आत जाऊ लागलं, तव्यावर लोणी जावं तसं. माझी आठ दिवसांची मेहनत चहा होईपर्यंत संपली.

सलीमने ट्यूबचं झाकण लावलं. मग म्हणाला, "लढाईनंतरचं गाव पाहिजे होतं ना? लढाई झाली समज."

* * *

मग मी पुठ्ठ्यावर आले. बुटांची खोकी, टूथपेस्टच्या डब्या, लग्नपत्रिका. योगेशच्या पुस्तकातल्या चित्रात भिंतीतून छताच्या लाकडी सऱ्यांची टोकं बाहेर आलेली होती. त्यासाठी मी खराट्याच्या काड्या घेतल्या. रोज दोन-चारच घ्यायचे.

एके सकाळी आई अंगण झाडता झाडता थांबली. खराटा वर धरून उजेडात बघितला. मला वाटलं, आता संपलं. पण ती दादाला म्हणाली, "बाजारात लोक किती फसवायला लागलेत बघ. महिन्यात टक्कल पडलं याला."

दादाला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, हो ना. आणि आईने नवा खराटा आणल्यावर त्यानेच मला येऊन सांगितलं, आता बुरुज पण कर.

* * *

खालच्या खोलीत आमचे भाडेकरू नाना राहतात. ते पिंपळनेरकडचे, मुलाच्या नोकरीमुळे धुळ्यात आलेले. एकदा ते गच्चीवर वाळत घातलेलं धोतर घ्यायला आले आणि धोतर विसरून माझ्या टेबलापाशी उभे राहिले. सपाट धाबी, बारक्या खिडक्या, मातीचा रंग.

"हाई ते मनं गाव शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे हे तर माझंच गाव.

योगेशने त्यांना समजावलं की नाना, हे आफ्रिकेतलं वाळवंट आहे. नानांनी मान हलवली आणि विचारलं, "मंग तठना लोक ढोरं कोठे बांधतस?"

योगेशने पुस्तक चाळलं. पुस्तकात ढोरांचं काही नव्हतं. नाना त्यानंतर रोज यायला लागले आणि रोज काहीतरी राहिलेलं निघायचं. धाब्यावर जायला जिना नाही. पावसाचं पाणी पडायला पन्हळ नाही. पार नाही, मग माणसं संध्याकाळी बसतील कुठे?

"वाळवंटात पाऊस नसतो हो," योगेश रडकुंडीला येऊन म्हणाला.

तरी जिना, पार आणि गोठे करावे लागलेच. गोठे काडेपेटीचे केले. लढाई सुरू असताना नाना वर आले तर आधी गोठ्यात डोकावायचे.

* * *

भिंतींवर मातीचा गिलावाही नानांनीच सुचवला. माती, शेण, भुसा. मी पाटीत कालवला, सगळ्या घरांना बोटाने लावला आणि तडे जाऊ नयेत म्हणून ओलं पोतं झाकून ठेवलं. मधेच चाचणी परीक्षा आली, मी वर गेलेच नाही.

परीक्षा संपली त्या दिवशी योगेश जळगावहून आला. बॅग न ठेवता थेट वर गेला आणि पोतं काढलं. भुशात ज्वारीचे दाणे राहिलेले असणार. सगळ्या वाळवंटाला कोंब फुटले होते. धाब्यावर, जिन्यावर, बुरुजावर हिरवंगार.

योगेशने मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. नाना मात्र चष्मा लावून प्रत्येक घर बघत फिरले आणि म्हणाले, "औंदा पीकपाणी चांगलं शे."

एकेक कोंब मी चिमट्याने काढला. तेव्हा तिघे क्रिकेट खेळायला गेले होते.

* * *

दिवाळीत आत्या आल्या. त्यांना गाव दाखवायला वर नेलं. तोवर घरं वाळूच्या रंगाची झाली होती, दारांना मी बारीक कड्यासुद्धा लावल्या होत्या. आत्यांनी तोंडावर हात ठेवला. कोणी केलं, म्हणून विचारलं.

"आम्ही," दादा म्हणाला.

आत्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग मी दाराशी उभी होते तिकडे वळून म्हणाल्या, "तू पण शीक गं यांच्याकडून काहीतरी."

* * *

आणि मग ती लढाई. भाऊबीजेनंतरचा दिवस, गाव पूर्ण, टेबलावर पांझरा नदीची चाळलेली वाळू. योगेशचा नियम असा की उघड्यावरच्या सैनिकाला गोळी लागते, घरातल्याला लागत नाही. पण घरात शिरायचं तर दार उघडणारं हवं. त्यानेच मला बजावलं होतं की थोडीच दारं उघडणारी कर, बाकीची नुसती चिकटव, आणि कुठली कुठली ते आम्हालाही सांगू नकोस, त्यातच मजा आहे. दारं नाजूक, म्हणून हात लावायचा नाही. सैनिक दारापाशी न्यायचा आणि मला विचारायचं.

सुरुवातीलाच मी विचारलं, माझी पलटण?

"पुढच्या वेळी," दादा सैनिक मांडता मांडता म्हणाला. "आज तू दारांचं बघ."

योगेश एका बाजूला, दादा आणि सलीम दुसऱ्या. योगेशचा कप्तान पहिल्या घरापाशी आला. उघडतं का?

"नाही," मी म्हणाले.

दादाचे दोघे बुरुजापाशी गेले. नाही. सलीमचा एक जिन्याखालच्या दारापाशी. नाही. फासे पडत होते, उघड्यावरचे सैनिक आडवे होत होते. योगेशने घाम पुसून पारामागचं घर धरलं. तेही नाही. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द सगळे कान देऊन ऐकत होते.

शेवटी वाळवंटात एकच सैनिक उभा राहिला, सलीमचा. बाकी सगळे आडवे. योगेश पुस्तक उलटंपालटं करत होता. दादा माझ्याकडे बघत होता.

सलीमने तो सैनिक उचलला, माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्या शेजारी फासे ठेवले.

"हा तुझा," तो म्हणाला. "आता सांग, कुठलं दार?"

मी पारामागच्या घराची कडी नखाने ओढली आणि त्याला आत नेलं.