झिऱ्यातले खेकडे

लंकाबाईंचं आणि खेकड्यांचं वैर जुनं. चांदवडच्या डोंगराला टेकलेल्या त्यांच्या वस्तीवर पाण्याचा झिरा एकच. कातळाला लागून रचलेलं कमरेएवढं खोल दगडी कुंड, उतरायला चार पायऱ्या, आणि दगडांच्या सांध्यांतून बारा महिने पाझरणारं पाणी. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे गेली चाळीस वर्षं, हा झिरा झाडायचं काम लंकाबाईंकडे. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं, आणि एकदा घेतलेलं परत करायचा त्यांचा स्वभाव नाही. चपला घालून कुणी पायरी उतरला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

एवढा दरारा असूनही खेकडे ऐकत नसत. सांध्यांत बिळं करायचे, आतली माती उकरून झाडलेल्या कुंडात लोटायचे. मागच्या पावसाळ्यात तर एकानं लंकाबाईंच्या पायाचा अंगठाच धरला. त्या दिवसापासून त्यांनी ग्रामपंचायतीचा पिच्छा पुरवला, झिऱ्याला आतून सिमेंट करा म्हणून. सरपंच शेवटी कंटाळून हो म्हणाले. फाल्गुनात गवंडी आला आणि लंकाबाईंनी बोट दाखवलं ती प्रत्येक फट लिंपून गेला. कुंड नव्या न्हाणीघरासारखं चकचकीत झालं. दोन दिवस बाई येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ते दाखवत होत्या.

आठवड्याभरात कुंडाचा तळ कोरडा पडला.

कुणी म्हणालं, आजूबाजूला बोअर फार झाले. कुणी म्हणालं, देवीचं काहीतरी राहिलं असेल. लंकाबाईंनी देवीला नारळ फोडला, पण देवी ढिम्म. त्यात वैशाखात नातीचं, हर्षालीचं लग्न ठरलेलं. नवरीच्या हळदीला पाणी झिऱ्याचंच, ही वस्तीची रीत. पाच बायकांनी वाजतगाजत जाऊन नव्या घागरीत ते आणायचं. हळद चार दिवसांवर आली तरी झिरा कोरडाच. हर्षाली नाशिकला गंगापूर रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, शहाणी मुलगी. ती म्हणाली, "आजी, बोअरचं पाणी घेऊ. हळद तर तीच आहे ना." नातीचा तो समजूतदारपणा लंकाबाईंना खेकड्यापेक्षा जास्त चावला. आपल्या हाताखालचा झिरा नातीच्या हळदीला उपयोगी पडू नये, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचे दीर नाथा तणतणत आले. "वहिनी, माझ्या कांदाचाळीत कोणी पाणी सोडलंय? खालची जमीन वल्लीचिप्प झालीय. कांद्याला कोंब फुटाया लागले."

नाथांची चाळ झिऱ्याच्या खालच्या अंगाला, उतारावर. लंकाबाई जाऊन बघतात तो चाळीखाली झुळझुळ पाणी, आणि त्यात नांग्या वर करून एक खेकडा ऐसपैस बसलेला. बाईंनी आणि खेकड्यानं एकमेकांना नीट निरखून घेतलं. मग लंकाबाईंनी वर झिऱ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. नाथा घाबरून पाणी आणायला धावले.

खेकड्यांनी बिळं उगीच नव्हती केली, पाणी येत होतं तिथंच केली होती. आणि ती दारं लंकाबाईंनी एकेक मोजून बंद करून घेतली होती.

मूग गिळून बसता आलं असतं. गवंड्याच्या नावानं खडे फोडले असते तरी सगळ्यांना पटलं असतं. पण संध्याकाळी मांडवासाठी माणसं जमली तेव्हा बाई उभ्या राहिल्या. "झिरा मीच बुजवला," त्या म्हणाल्या. "खेकड्याच्या रागापायी. कराया गेले गनपती अन् झाला मारुती. आता सिमेंट फोडावं लागंल."

मग नाथा म्हणाले, "पहार माझ्याकडं हाय." आणि सगळे हसले. लंकाबाईही हसल्या, डोळे पुसत.

सकाळी पहिला घाव त्यांनीच घातला. दुपारपर्यंत नुसत्या ढलप्या निघाल्या. सगळ्यांचे हात भरून आले, नाथांनी दोनदा चहा मागवला. मग एका कोपऱ्यातला दगड ओलसर दिसला, त्याच्या सांध्यातून माती सुटली, आणि मातीमागून करंगळीएवढी धार आली. गढूळ होती. लंकाबाईंनी ती ओंजळीत धरली आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडल्या. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं त्या नंतर सांगत.

हळदीच्या दिवशी कुंडात गुडघाभर नितळ पाणी होतं. पाच बायका घागर घेऊन, पुढे ताशा लावून आल्या. पायरीशी नाथा बादली घेऊन उभे. "वहिनी, पाव्हणा आनलाय. चाळीत लय माजला होता. सोडू का?"

"तुम्ही नका सोडू. द्या हिकडं."

त्या चार पायऱ्या उतरल्या. खेकड्याला पाठीकडून धरून बिळाच्या तोंडाशी ठेवताना म्हणाल्या, "जा बाबा, तुझंच घर हाय." खेकडा गेला, पण जाता जाता बोटाला कडकडून चिमटा घेऊन गेला.

बायका धावल्या. घागर भरून वाजतगाजत मांडवात परतल्या तरी बाईंचं बोट ठणकतच होतं. हर्षालीनं पाटावरून उठून वाटीत बोट बुडवलं आणि झिऱ्याच्या पाण्यात कालवलेली हळद आजीच्या बोटावर दाबून धरली. त्या लग्नात नवरीच्या आधी आजीला हळद लागली.