एकावर थांबलो, असं मी सांगत आलो

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. लोकसंख्येचा धडा आला की फळ्यावर एक पातेलं काढायचं आणि भोवती ताटं, ही माझी जुनी पद्धत. पातेलं तेवढंच, ताटं वाढत जाणार, मग प्रत्येकाच्या वाट्याला मटणाच्या फोडी किती? पोरं हसायची आणि धडा डोक्यात बसायचा. मटणाचं उदाहरण आमच्याकडं कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

ते पातेलं माझ्या थोरल्या भावाच्या घरचं होतं, हे मात्र मी वर्गात कधी बोललो नाही. दादा नेसरीकडं गावी शेती करतो. त्याला चार मुलं. चौथ्या मुलीच्या बारशाला मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "दादा, आता बास कर. घरात ताटं तरी आहेत का तेवढी?" वहिनी पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पंगत बसली तेव्हा मला मात्र आधी वाढलं.

यंदा जत्रेला आम्ही गेलो. मी, बायको, मुलगी आणि तिची लहानगी. आमच्या गावात जत्रेला घरी किती माणूस जेवून गेलं यावर घराची पत ठरते. पाव्हण्याच्या गाडीचा ड्रायव्हरही उपाशी जाता कामा नये. माणसं वाढली की वहिनी रश्श्यात गरम पाणी ओततात, वरून कांदा-लसूण चटणी टाकतात, पुन्हा उकळी आणतात. फोडी कमी पडतात, रस्सा नाही.

वाढायला ती चौथी पुतणीच होती. ती आता गावातलं दूध संकलन बघते, आवाज खणखणीत.

"काका, लाजू नका. मी जादाचीच हाय, माझ्या वाट्याची फोडबी तुम्हीच घ्या की!"

पंगत हसली. मीही हसलो. माझं ते बारशातलं बोलणं या घरात दर जत्रेला असं मला वाढलं जातं.

जेवता जेवता मी घर बघत होतो. वर स्लॅब झालाय, शेगडीपाशी नळ आलाय. मी फळ्यावर पातेलं काढायला लागलो तेव्हा गावात माणसं कमी होती आणि भूक जास्त होती. आता माणसं वाढली आणि भूक हटली. सगळी हटली असं नाही, पण हटली. माझ्या फळ्यावरची ताटं नुसती जेवणारी होती. त्यातलं एखादं चुलीला हात लावेल, असं मी कधी काढलंच नाही.

म्हणून दादाच बरोबर होता असंही म्हणवत नाही. थोरल्या पुतणीची शाळा धाकटी भावंडं काखेत घेण्यातच सुटली. तीही त्या दिवशी तिथंच भाकरी थापत होती. तिच्या शाळेवरून कुणी थट्टा करत नाही.

मला खुपतो तो भागाकार. आपण सगळं दरडोई मोजतो. ते मोजायला हवंच, नाहीतर एकेकाची भूक दिसणार कशी? पण जे माणूस जन्मलंच नाही, त्याची वजाबाकी कुठंच होत नाही. उलट त्याच्या नसण्यानं बाकीच्यांचा वाटा वाढलेला दिसतो. माझ्या घरचा हिशेब असाच कायम चांगला दिसत आला.

जेवणं झाल्यावर मी परसात हात धूत होतो. बायको तिथंच ताटं विसळत होती. मुलगी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नाही. ह्यांचं म्हणणं, एकीचंच नीट करू. सोमवारी डॉक्टरांकडं जायचं चाललंय." मग म्हणाली, "ते तुमचंच उदाहरण देतात. तुम्ही एकावर थांबलात, बरंच झालं ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आलो होतो, आणि या वेळी माझ्या एका 'हो'वर तिचं ठरणार होतं.

"आम्ही थांबलो नव्हतो," मी म्हणालो. "तू बालवाडीत होतीस तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले होते. शाहूपुरीत एका डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. तिला विचारलं नाही."

बायकोच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"विचारलं न्हाय, व्हय," ती म्हणाली. "समजावून सांगितलं. फळ्यावर सांगत्यात तसं."

"आई, तुला पाहिजे होतं?"

"पाहिजे होतं की." तिनं ताट पालथं घातलं. "पण तुझ्या इंजिनिअरिंगला काय कमी पडलं न्हाय, तेबी खरं हाय. आता त्यातलं एक निवडायला मला लावू नगंस."

मुलगी माझ्याकडं वळली. "मग मी काय करू, बाबा?"

"मला माहीत नाही. ठेव म्हटलं तर माझं ओझं तुझ्यावर टाकल्यासारखं होईल. ठेवू नको म्हणायला मला तोंड नाही. तुला काय हवंय, हे कुणी विचारलं का तुला?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग मी विचारतो."

तिनं गोठ्याच्या पलीकडं जाऊन नवऱ्याला फोन लावला. एवढंच ऐकू आलं, "सोमवारचं राहू दे. नको असं नाही म्हणत मी. अजून माझंच ठरलेलं नाही."

संध्याकाळी निघालो. बायको नेहमी पुढं, माझ्या शेजारी बसते. त्या दिवशी ती मागं बसली, लेकीजवळ. नात दोघींच्या मांडीवर आडवी झोपली होती. गडहिंग्लज मागं पडलं तरी दोघी हळू आवाजात बोलतच होत्या. जास्त बायकोच बोलत होती. मधे कधीतरी ती रडली असावी, एकदा दोघी हसल्याही.

काय बोलता, असं मी विचारलं नाही. मागचं दाखवणारा आरसा वर फिरवला आणि गाडी सावकाश चालवत राहिलो.