पाठीचं माप

मशीनवर बसण्याआधी ती रोज कपाटाला पाठ लावून उभी राहायची. टाचा टेकायच्या, पाठ टेकायची, डोकं मात्र टेकायचं नाही. मधल्या फटीत बोटं घालून ती मोजायची. पहिल्या वर्षी एक बोट होतं. बाविसाव्या वर्षी चार.

शिवणखान्याच्या मालकाने पाठीच्या खुर्च्या कधीच काढून टाकल्या होत्या. "टेकलं की बायकांना पेंग येते," म्हणायचा. सगळ्यांना स्टुलं दिली. वाकून वाकून तिचा श्वास छातीतच अडकायला लागला. घरी गेल्यावर लेक काही बोलली की ती वसकन अंगावर जायची, आणि मग स्वतःशीच चरफडत पडून राहायची. शेजारची नर्स म्हणाली, "ताई, स्वभाव नाही बिघडला तुमचा. पाठ बिघडलीय. अशा वाकलेल्या अंगात मन कुठून मोकळं राहणार?"

हे तिने मालकाला सांगितलं, खुर्ची मागितली. तो हसत सुटला. "काय गं प्रश्नचिन्हा, आता सिंहासन हवं का?"

तिने त्या दिवशीच ठरवलं, याला एकदा हे अंग घालायला लावायचं.

व्यापारी मंडळाने मालकाचा सत्कार ठरवला. कोट शिवायला त्याला तिचाच हात हवा होता. माप देताना तो मोबाइलमध्ये मान घालून उभा होता, खांदे पुढे पडलेले. एरवी ती "मालक, ताठ उभे राहा" म्हणाली असती. त्या दिवशी गप्प राहिली आणि तसंच माप घेतलं. पाठ लांब, छाती अरुंद, पुढची बाजू आखूड. घालून बघतानाही त्याची मान खालीच.

सत्काराला ती शेवटच्या रांगेत बसली. मालक स्टेजवर ताठ व्हायला गेला, कोटाने त्याला पुन्हा खाली ओढलं. दोन तास तो तसाच कुबड काढून बसला. धाप लागली, घाम फुटला, भाषण विसरला, माइकवाल्यावर सगळ्यांदेखत खेकसला. तिला फार बरं वाटलं. लाजही नाही वाटली.

सकाळी कोट तिच्या पुढ्यात येऊन पडला. "जीव गेला माझा काल! सैल कर हा."

"नाही होणार. आत जास्तीचं कापड ठेवलेलंच नाही."

"मग घालायचा कसा?"

"बावीस वर्षं आम्ही बसलो तसा. वाकून."

तिने कात्री पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि दारातून सांगितलं, "वरचं बटण सोडा, मालक. जरा श्वास येईल."