सहाच्या आत

जाफराबादच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या शेजारचा माणूस मात्र सारखा घड्याळ बघत होता. मांडीवर झोपलेल्या लेकीची रिबीन सोडायचा, पुन्हा बांधायचा.

"चला ना भाऊ जल्दी," ड्रायव्हरवर तो तिसऱ्यांदा खेकसला. मग मला म्हणाला, "सहाच्या आत हिला भोकरदनला आईकडं सोडायचंय. मागच्या खेपेला मीच दोन दिवस जास्त ठेवून घेतल्ती. कोर्टानं दम दिलाय, आता उशीर केला तर बराबर जेल."

त्याच्या चुळबुळीनं मीही वैतागलो होतो. अखेर एक म्हातारी चढली, जीप भरली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. पोरगी झोपेतच बापाच्या शर्टाला बिलगली.

तसा तो पुढं वाकला. "थांबा की भाऊ," हळूच म्हणाला, "आणखी एक सीट बसंल."