मिसबाईंचा पितळी डबा

मंडळी, दुपारचा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लगेच लिहितोय.

साठच्या दशकात मलकापुरात आमच्या शेजारी एक परदेशी मिशनरी नर्स राहायची. सगळे तिला मिसबाई म्हणत. पहाटे प्रार्थना, मग सायकलला औषधांची पेटी बांधून खेड्यापाड्यांत बाळंतपणं. आईनं पहिल्यांदा मळ्यातल्या मेथीची भाजी आणि भाकर पाठवली, तेव्हा तिनं पितळी डबा लख्ख घासून परत आणला आणि हात जोडून "धन्यवाद" म्हणाली.

आई भडकलीच. "धन्यवाद परक्याले म्हनतात बाई! आन रिकामं भांडं कोनी वापस देते काय?"

मिसबाई गोरीमोरी झाली. एवढी शिकलेली बाई, पण शेजारणीचा शब्द तिनं मनावर घेतला. त्यानंतर डबा कधीच रिकामा आला नाही. कधी लिंबू, कधी चिमूटभर साखर, एकदा तर मोगऱ्याची नुसती दोन फुलं.

ती मायदेशी निघाली तेव्हा आईनं त्याच डब्यात वाटेसाठी दशम्या दिल्या. तिच्यासोबत डबाही गेला.

आज तिची पिकल्या केसांची भाची तो डबा घेऊन आमच्या दारात उभी! मावशीनं शेवटच्या दिवसांत बजावलं होतं म्हणे, रिकामा देऊ नकोस.

नव्वदीला टेकलेल्या आईनं झाकण काढलं. आत साखर होती. चिमूटभर तोंडात टाकून ती माझ्या बायकोवर ओरडली, "पाहून काय राह्यली? दशम्या टाक. पोरगी रिकामा डबा नेईन काय?"

डबा उद्या पुन्हा परदेशी निघालाय. तुमच्या घरी कुणाचं भांडं राहिलंय का हो?