तळहातावरचा भार

आमच्या घराण्यात इष्टलिंग गळ्यात धारण करतात आणि पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेतात. ते जमिनीवर पडणे ही साधी गोष्ट नव्हे. जुन्या माणसांच्या दृष्टीने ते प्राण सांडण्यासारखेच. पडलेच, तर शास्त्र जाणणाऱ्याचा निर्णय मिळेपर्यंत अन्न घेत नाहीत.

गुडघ्यांमुळे माझ्या पत्नीला खाली बसवत नाही. म्हणून अहमदपूरच्या आमच्या घरी ती ओसरीतला झोपाळा स्थिर करून, त्याच्या कडेला बसून पूजा करते. दिवाळीच्या सुटीतल्या एका सकाळी भस्म लावून, लिंग तळहातावर घेऊन ती डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात तिच्या बाजूच्या कडीचा आकडा उघडला आणि फळीसकट ती खालच्या जाड सतरंजीवर आली. आम्ही धावलो. तिला फारसे लागले नव्हते. लिंग तिच्या मांडीवर, पदराच्या घडीत होते.

"पदरातच आहे," मी म्हणालो.

"आता हाय. पडताना हातात नव्हतं. मला भारच लागला न्हाई. तळहात रिकामा झाल्ता."

मी पुष्कळ समजावले. ती ऐकेना. "जन्मभर लोकांस्नी शास्त्र सांगितलं. आता मला सांगा, लिंग पडलं का न्हाई? तोवर मी पाण्याला शिवणार न्हाई."

तिला साखरेचा आजार आहे. औषध घ्यायचे तर पोटात काही हवे. मी पोथ्या काढून बसलो, पण माझे लक्ष अक्षरांवर ठरेना. पोथीत पतनाचा विचार होता. माझ्या पत्नीच्या तळहाताचा नव्हता.

नात लातूरला बारावीला असते, सुटीला आली होती. ती माझ्याजवळ येऊन बसली. "अप्पा, आज्जीला भार लागला नाही हे खरंच असणार. पडताना भार लागतच नाही. अंतराळवीर यानात तरंगतात ना, ते असंच."

"ते पृथ्वीच्या ओढीपलीकडे गेलेले असतात," मी म्हणालो. मनात मात्र अंग हलके करणाऱ्या लघिमा सिद्धीचा विचार होता.

"नाही. ओढ तिथेही असते. ते सतत पडतच असतात. पण पुढे जाण्याचा वेग इतका असतो की खालची जमीन वळत जाते आणि ते तिला गाठतच नाहीत. यानही पडतं, तेही पडतात, बरोबरीनं. मग कोण कुणावर टेकणार?"

न्यायशास्त्र शिकताना आम्ही गुरुत्वाला पतनाचे कारण मानले होते. ज्याच्यामुळे वस्तू पडते, तेच पडताना जाणवू नये, हे मला पटेना. नात हसली. तिने पाण्याच्या बाटलीला बुडाजवळ सुईने दोन भोके पाडली, ती भरली आणि गच्चीवर गेली. पत्नीला आम्ही अंगणाच्या दाराशी खुर्चीवर बसवले.

वरून नातीने बाटली हातात धरली. दोन बारीक धारा उन्हात चकाकत खाली येत होत्या. "आज्जी, बघ हं," असे म्हणून तिने हात सोडला.

धारा थांबल्या. बाटली खाली येत होती, भोके उघडी होती आणि पाणी मात्र आतच शांत होते, जणू त्याला कुठेच जायचे नव्हते. एवढेसेच क्षण ते. पण मला ते फार लांब वाटले. अंगण, ऊन, पारिजातकाची फुले, सगळेच आपापल्या जागेवरून सुटून एकत्र तरंगत आहे आणि कुणीही कुणावर ओझे नाही, असा काहीसा भास झाला. मग बाटली आदळली आणि पाणी सगळीकडे उडाले.

"परत टाक गं," पत्नी म्हणाली.

नातीने चार वेळा टाकली. शेवटच्या वेळी पत्नीने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता आणि तिची नजर बाटलीवरून हलत नव्हती.

तेव्हा मला उमगले. भार जाणवतो तो पडण्यामुळे नव्हे, अडण्यामुळे. तळहात लिंगाला अडवतो, म्हणून लिंग जाणवते. तळहातही त्याच्याच बरोबरीने खाली येऊ लागला, की ते हातात असूनही हाताला कळत नाही.

मी तिच्यासमोर बसलो. "लिंग तुझ्यापासून पडलं नाही. पडलं असेल तर तुझ्यासोबत पडलं. जमिनीला शिवलं नाही, त्याआधीच तुझ्या पदरात आलं. माझा निर्णय हाच."

"पोथीत हाय का हे?"

"पोथीत नाही. पण पोथीच्या विरुद्धही नाही."

तिने पदराची घडी चाचपली. मग म्हणाली, "म्हंजे तेवढ्यापुरतं मी आन् ते, दोघं बी सुटलो व्हतो."

"हो."

"भ्याले मी उगंच." मग नातीकडे वळून, "तुझ्या आजोबाला पोथी वाचायला अर्धा दिस लागतो, आन् बाटलीचं कळायला चार बाटल्या. जा, भाकर टाक."

नात आत गेली. पत्नीने कापडात गुंडाळलेले लिंग काढले, डाव्या तळहातावर ठेवले, उजवा हात बाजूला केला आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच बसली.

"व्हय," ती म्हणाली, "आता लागतोय भार."